अ‍ॅडमिरल वॉटसनचा फलक: हुद्दा, तारखा आणि विजयदुर्ग (१७५६)

रावपुरा_वाचक (वडोदरा)

नमस्कार मंडळी. आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळात "मराठे आणि समुद्र" असं छोटं प्रदर्शन ठरलंय. माझ्या वाट्याला चौथा फलक आला आहे: तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेला इंग्रज अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन. फलक तीन फूट बाय चार फूट, मजकूर दीडशे शब्दांपर्यंत आणि बाजूला एक चित्र. चित्र फाइन आर्ट्सचा एक मुलगा काढून देतोय.

मजकूर लिहायला बसल्यावर गोंधळ सुरू झाला. एका ठिकाणी हा माणूस रिअर-अ‍ॅडमिरल, दुसऱ्या ठिकाणी व्हाइस-अ‍ॅडमिरल. पुढे कुठे "ऑफ द ब्लू", कुठे "ऑफ द व्हाइट". हे निळं-पांढरं काय प्रकरण आहे? विजयदुर्ग पडल्याची तारीख ११, १२, १३ आणि एका जुन्या नोंदीत १४ फेब्रुवारी. सुवर्णदुर्गही त्यानेच घेतला असं एका लेखात आहे, ते खरं का? आणि मुख्य म्हणजे तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता की नाही? क्लाइव्ह त्याच्या हाताखाली होता की तो क्लाइव्हच्या?

लुटीच्या वाटणीबद्दल दोन ओळी टाकायचा विचार आहे. आकडे खात्रीचे हवेत. इथे आरमाराचे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो.


डोलकाठी

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात. वॉटसन कंपनीचा नोकर नव्हता. तो राजाच्या आरमाराचा, म्हणजे रॉयल नेव्हीचा अधिकारी होता आणि त्याची सनद राजाच्या नावाने निघालेली होती. क्लाइव्ह कंपनीचा. त्या मोहिमेआधी त्याला राजाकडून लेफ्टनंट-कर्नलचा हुद्दा मिळाला होता खरा, पण पगार, हुकूम आणि हिशोब कंपनीचेच. दोघांचे मालकच वेगळे, त्यामुळे एकमेकांचे वरिष्ठ-कनिष्ठ ठरवायला कागदावर काही सोय नव्हती. त्यावरून भांडणंही झाली.

सर्वांत मोठं भांडण २ जानेवारी १७५७ चं. कलकत्त्याचा फोर्ट विल्यम परत घेतला तेव्हा वॉटसनने राजाच्या ३९ व्या पलटणीतल्या कॅप्टन कूटला किल्लेदार नेमलं. क्लाइव्हने ते साफ नाकारलं. किल्ला सोडत नसाल तर तोफा डागीन, इथपर्यंत वॉटसनची भाषा गेली. शेवटी मध्यस्थी झाली, वॉटसन स्वतः उतरला, किल्ल्या आपल्या हाती घेतल्या आणि मग कंपनीच्या गव्हर्नराकडे दिल्या. प्रश्न फक्त किल्ली कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते एवढाच होता. हे ध्यानात ठेवलं की त्याची बाकीची वागणूक हट्टी न वाटता सुसंगत वाटते.

आता सुवर्णदुर्ग. नाही. तो एप्रिल १७५५ मध्ये विल्यम जेम्सने घेतला. जेम्स हा बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आरमाराचा कमोडोर. त्याचं जहाज प्रोटेक्टर, ४४ तोफांचं. वॉटसन तेव्हा पूर्व किनाऱ्यावर होता. लंडनच्या शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये सुवर्णदुर्गाच्या नावाने एक मनोरा बांधला, तो अजून उभा आहे. दोघांची सरमिसळ होते कारण विजयदुर्गाला जेम्सही होता, पण तिथे तो वॉटसनच्या हुकमाखाली होता. फलकावर जेम्सच्या जहाजाला "रॉयल नेव्हीचं जहाज" लिहू नका. नेहमीची चूक आहे.

हुद्द्याचं कोडं. त्या काळी इंग्रज आरमाराची कागदावर तीन पथकं होती: लाल, पांढरं, निळं. मान त्याच क्रमाने, लाल सर्वांत वर, निळं सर्वांत खाली. प्रत्येक पथकात रिअर-अ‍ॅडमिरल, व्हाइस-अ‍ॅडमिरल आणि अ‍ॅडमिरल. चढायची शिडी मात्र आडवी-तिरपी होती. माणूस प्रथम रिअर-अ‍ॅडमिरल निळा, मग पांढरा, मग लाल. त्यानंतर व्हाइस-अ‍ॅडमिरल निळा, पांढरा, लाल. मग अ‍ॅडमिरल निळा आणि पांढरा. लाल अ‍ॅडमिरल हा वेगळा हुद्दा १८०५ पर्यंत नव्हताच, त्याच्या जागी अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट. रंगांची पद्धत १८६४ मध्ये मोडीत काढली. म्हणजे "ऑफ द ब्लू" हा त्याच्या ताफ्याचा गुण नाही, त्याच्या पायरीचा आकडा आहे. आपल्याकडे पंचहजारी, सातहजारी असायचे तसंच. त्याचा घोड्यांशी जेवढा संबंध, तेवढाच याचा निळ्या रंगाशी.

विजयदुर्गच्या वेळच्या कागदांत तो रिअर-अ‍ॅडमिरल आहे आणि बंगालच्या मोहिमेत व्हाइस-अ‍ॅडमिरल. दोन्ही बरोबर. शिवाय लंडनहून बढतीचं पत्र जहाजाने यायला सहा-सहा महिने लागायचे, त्यामुळे कागदावर चढलेला माणूस इकडे जुन्याच हुद्द्याने वावरत असे. फलकावर "रिअर-अ‍ॅडमिरल (पुढे व्हाइस-अ‍ॅडमिरल)" एवढं लिहा. रंग गाळा. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि चुकायला वाव मात्र भरपूर.


नवखा_खलाशी

पण ३४ व्या वर्षी अ‍ॅडमिरल म्हणजे वशिला असणार की! जन्म १७१४ आणि रिअर-अ‍ॅडमिरल १७४८, बरोबर ना?


डोलकाठी

आकडे बरोबर आणि वशिलाही होता. सर चार्ल्स वेजर आईकडून नात्यातला, आणि तो १७३३ ते १७४२ आरमारखात्याचा मुख्य होता. पण वशिल्याचा उपयोग कुठपर्यंत, हे इथे नीट पाहण्यासारखं आहे.

१७२८ मध्ये वॉटसन रॉमनी जहाजावर "व्हॉलंटिअर पर ऑर्डर" म्हणून चढला. म्हणजे वरून चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा. त्यानंतर लेफ्टनंटची परीक्षा द्यायची तर सहा वर्षांची समुद्रावरची नोकरी दाखवावी लागे. १७३८ च्या फेब्रुवारीत तो गारलंड जहाजाचा कप्तान झाला, वय २४. वशिल्याचं काम इथे संपलं. कारण एकदा कप्तानांच्या यादीत नाव चढलं की पुढची बढती फक्त ज्येष्ठतेने. यादीत वरचे मेले किंवा निवृत्त झाले की खालचे सरकायचे. म्हणून वशिला असलेल्या घरात पोराला लवकरात लवकर कप्तान करून घ्यायची घाई असे.

यात अडचण अशी की यादीत वर म्हातारे साचले. त्यांना अ‍ॅडमिरल करावं तर ते ताफा चालवू शकत नाहीत, डावलावं तर अपमान. १७४७ मध्ये तोड निघाली: अशांना रिअर-अ‍ॅडमिरलचा मान आणि अर्धा पगार, पण पथक नाही. आरमारात त्यांना थट्टेने "पिवळे अ‍ॅडमिरल" म्हणत, कारण पिवळं पथकच नव्हतं. ही वाट मोकळी झाल्यावर पुढच्याच वर्षी वॉटसन वर आला.

मधल्या काळात त्याने लढाया पाहिल्या होत्याच. १७४४ मध्ये तुलाँला ड्रॅगन जहाजावर, १७४७ मध्ये फिनिस्टेरच्या दोन्ही लढायांत प्रिन्सेस लुइझावर. तुलाँनंतर ताफ्याचा मुख्य अ‍ॅडमिरल मॅथ्यूज बडतर्फ झाला आणि ज्याने मदत केली नाही तो त्याच्या हाताखालचा लेस्टॉक सुटला, कारण लेस्टॉकने लढाईच्या लेखी नियमांवर बोट ठेवलं. त्या पिढीतल्या प्रत्येक कप्तानाने त्यातून एकच धडा घेतला: काहीही करा, लेखी करा. वॉटसन पुढे प्रत्येक बाबतीत लेखी हुकूम मागतो, त्याचं मूळ मला तरी तिथे दिसतं. १७४८ मध्ये न्यूफाउंडलंडचा अंमल आणि १७५४ मध्ये हिंदुस्थानच्या समुद्राची मुख्य जबाबदारी. मार्च १७५४ मध्ये निघाला, झेंडा केंट जहाजावर.


मोडीवाचक

तारखांचं मी सांगतो. तुम्हाला सापडलेल्या चारांपैकी बहुतेक बरोबर असतील, मोजायच्या रीती वेगळ्या.

इंग्रज जहाजाची रोजनिशी दुपारी बारा ते दुपारी बारा अशी चाले, आणि तो दिवस आपल्या दिवसाच्या आधी सुरू होई. म्हणजे आपली १२ फेब्रुवारीची दुपार झाली की जहाजाच्या वहीत १३ तारीख लागली. म्हणूनच त्या वहीत दुपार-संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर येते. पानावर रकाने असतात: तारीख, वारा, दिशा, मैल, अक्षांश, रेखांश, दुपारी दिसलेल्या किनाऱ्याच्या खुणा आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्याचा. तो शेवटचा रकानाच वाचून तारीख उचलली की एक दिवस चुकतो. ही पद्धत इंग्रज आरमारात १८०५ पर्यंत होती. जमिनीवर लिहिलेली पत्रं, मुंबईच्या कौन्सिलचे कागद आणि क्लाइव्हची पत्रं आपल्यासारख्या दिवसाने चालतात. दोन्ही एकाच यादीत टाकली की ११, १२, १३, १४ असा बाजार भरतो.

आपल्या दिवसाने क्रम असा: ७ फेब्रुवारी १७५६ ला ताफा मुंबईहून निघाला. ११ ला विजयदुर्गापुढे हजर. १२ ला, गुरुवारी, मारा आणि आंग्र्यांच्या आरमाराला आग, रात्री क्लाइव्हचे लोक जमिनीवर उतरले. १३ ला, शुक्रवारी, किल्ला हवाली झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या वॉटसनच्या स्मारकावरही १३ फेब्रुवारीच कोरली आहे. तुम्ही १३ लिहा.

आणखी एक. १७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखा जुन्या पंचांगातल्या, ११ दिवस मागे. शिवाय वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून तुलाँची लढाई एके ठिकाणी ११ फेब्रुवारी १७४३, दुसरीकडे २२ फेब्रुवारी १७४४ दिसेल. लढाई एकच. वॉटसनच्या कप्तानकीची १७३८ ची तारीखही १७३७ अशी सापडेल. १७५६ ला ही भानगड नाही.

मराठी कागद बघणार असाल तर सुहूर सन "सीत खमसैन मया व अलफ", म्हणजे ११५६. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फेब्रुवारी असल्याने ६०० मिळवून १७५६. इथे ५९९ मिळवून १७५५ काढलेले लेख मी कितीतरी पाहिलेत. शके १६७७, माघ शुद्ध पक्षाचा शेवट.


खाडीचं_पाणी

मोडीवाचकांनी माघ शुद्धाचा शेवट सांगितला तो नुसता तारखेपुरता नाही. पौर्णिमा तोंडावर म्हणजे उधाणाची भरती. केंटसारख्या जहाजाला तीन वावांहून जास्त पाणी लागतं, म्हणजे १८ फुटांच्या वर. वाघोटणच्या खाडीत शिरायचं तर ते पाणी हवं आणि दुपारचा समुद्रावरून येणारा वारा हवा. दोन्ही जुळून आलं. त्या महिन्यात दर्यालाही उसंत असते.

जागा डोळ्यापुढे आणा. किल्ला खाडीच्या तोंडाशी, दक्षिण बाजूच्या टोकावर, तीन बाजूंनी पाणी. पश्चिमेला खुला समुद्र, उत्तरेला खाडी. समुद्राच्या बाजूला पाण्याखाली जी भिंत दाखवतात, तिच्यावर इंग्रज जहाजं फुटली अशी कथा गाईडच्या तोंडी हमखास असते. वॉटसनच्या बाबतीत ती लावू नका, कारण तो त्या बाजूला थांबलाच नाही. टोक ओलांडून खाडीत शिरला आणि उत्तरेच्या तटासमोर, अगदी जवळ, नांगर टाकले. काही वर्णनांत अंतर पन्नास यार्ड आहे.

डिसेंबरात जेम्सने पाहणी करून कळवलं होतं की किल्ला ऐकिवात आहे तितका उंच नाही आणि मोठी जहाजं माऱ्याच्या टप्प्यात नेता येतात. त्या पाहणीशिवाय ६०-७० तोफांची जहाजं खाडीत घालायला कोणी धजला नसता.

जहाज तटासमोर आडवं कसं धरून ठेवतात, ते चित्रकाराला कळायला हवं. नुसता एक नांगर टाकला तर जहाज वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या दिशेने नाक करून उभं राहतं. तोफा कुशीला, म्हणजे नेम भलतीकडे. म्हणून नांगराच्या दोराला दुसरा एक जाड दोर बांधून तो जहाजाच्या मागच्या अंगाच्या तोफेच्या खिडकीतून आत घेतात आणि चरखीला ताण देतात. ताण दिला की मागचं अंग ओढलं जातं आणि जहाज आडवं होतं. सैल सोडलं की परत फिरतं. या दोराला ते स्प्रिंग म्हणतात. हा दोर गोळ्याने तुटला किंवा मुळात नांगरच धरला नाही, तर सगळा बेत गेला.

तसंच झालं, पण विजयदुर्गाला नाही, चंद्रनगरला. २३ मार्च १७५७. फ्रेंचांनी हुगळीत जहाजं बुडवून वाट अडवली होती. इंग्रजांनी होडीतून शिशाची दोरी टाकून पाणी मोजलं आणि फट शोधली. टायगर हे जहाज आधी गेलं, मागून केंट. केंटचा नांगर धरला नाही, ओहोटीने ते मागे सरकलं आणि तिसऱ्या जहाजासाठी, सॅलिसबरीसाठी, ठेवलेल्या जागेवर येऊन थांबलं. सॅलिसबरीला जागाच उरली नाही, ते लढाईबाहेर राहिलं. दोन जहाजांनी तिघांचा मार खाल्ला. किल्ला तीन तासांत पडला, पण केंट पुन्हा समुद्रावर जाण्याच्या लायकीचं राहिलं नाही.


डोलकाठी

सहमत, एक पुरवणी. विजयदुर्गाला काम जहाजांच्या कुशीच्या तोफांनी नाही, उखळी तोफांनी केलं. बॉम्ब केच नावाची बसकी, दोन काठ्यांची जहाजं असत. मधोमध भक्कम लाकडी बैठक, तीवर उखळी तोफ. तिचा गोळा पोकळ, आत दारू आणि तोंडाला लाकडी नळी, नळीत जळणारा मसाला. आपल्या कागदांत याला कुलपी गोळा म्हणतात. सगळी करामत नळी किती लांब ठेवायची यात. गोळा किती सेकंद हवेत राहील तेवढी नळी कापायची. आखूड झाली तर वरच फुटतो. लांब झाली तर पडून धुमसत राहतो आणि कोणी धीराचा माणूस ओलं पोतं टाकून विझवतो.

त्या दिवशी एक कुलपी गोळा रेस्टोरेशन या जहाजावर पडला. हे मूळचं कंपनीचंच, आंग्र्यांनी पूर्वी धरलेलं. ते पेटलं. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं तटाच्या आश्रयाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. बांधण्यामागे हेतू असा की शत्रूला एखादं ओढून नेता येऊ नये. आगीला तेच सोयीचं झालं. एका दुपारी सारं आरमार गेलं. कान्होजींच्या काळापासूनची पुंजी. इंग्रजांची माणसं मेलेली आणि जखमी मिळून विसाच्या आसपास.


सुरसागरकाठी

आगीचं खापर नेहमी गोळ्यावर फुटतं. पण तुळाजी तोवर किल्ल्यात नव्हता हेही फलकावर यायला हवं. तो आधीच पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव बिवलकर जमिनीच्या बाजूने आले होते. किल्ला पेशव्यांकडे हवाली करायचं घाटत असताना वॉटसनने घाई केली, कारण तसं झालं असतं तर आतला माल मराठ्यांचा. वॉटसनला नुसता "शूर अ‍ॅडमिरल" दाखवून कसं चालेल?


डोलकाठी

चालणार नाही, मान्य. पण घाई एकट्या वॉटसनची नव्हे. मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठक होऊन वाटणी ठरली होती आणि तीत पेशव्यांचं नावच नव्हतं. रात्री क्लाइव्हला जमिनीवर उतरवलं ते किल्ला आणि मराठी फौज यांच्या मध्ये. कशासाठी, ते उघड आहे.

वाटणीचा हिशोब रावपुरा_वाचकांनी मागितला होता. ठरलं ते असं: एकूण मालाचा आठवा हिस्सा झेंडेवाल्या अधिकाऱ्यांचा. त्यातले दोन तृतीयांश वॉटसनला, एक तृतीयांश दुय्यम रिअर-अ‍ॅडमिरल पोकॉकला. क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाइतका. पलटणीचे अधिकारी बिथरले, क्लाइव्हला पोकॉकइतका हिस्सा हवा म्हणाले. वॉटसनने वाटणी बदलली नाही, पण फरक आपल्या हिश्श्यातून भरून देतो असं सांगितलं. नंतर तशी रक्कम पाठवलीही, क्लाइव्हने घेतली नाही.

केंटवरचा सर्जन एडवर्ड आइव्ह्ज याने रोकड १,००,००० पौंड आणि इतर ऐवज ३०,००० पौंडांचा दिला आहे. त्या आकड्यावर नुसता गुणाकार केला तर आठवा हिस्सा १६,२५० पौंड, वॉटसनचे १०,८३३, पोकॉकचे ५,४१७. हा हिशोब त्रैराशिकाचा आहे, प्रत्यक्ष पावतीचा नाही. फलकावर "सुमारे दहा लाख रुपयांची लूट, मराठ्यांना त्यात वाटा नाही" एवढं पुरे.


मोडीवाचक

आणि किल्लाही लगेच दिला नाही. करार होता की विजयदुर्ग पेशव्यांचा. मुंबईच्या इंग्रजांनी तो ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवला. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने सोडला, बदल्यात बाणकोट आणि भोवतालची दहा गावं पक्की करून घेतली. वॉटसन तोवर मद्रासला जाऊन बंगालच्या तयारीत होता. चारच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ताफा मद्रासहून निघाला.

आइव्ह्जचाच एक प्रसंग नेहमी उद्धृत होतो: किल्ल्यात आंग्र्यांच्या घरच्या बायकामुलांना वॉटसन भेटला, धीर दिला, आणि सहा वर्षांचा मुलगा त्याचा हात धरून म्हणाला, मग आता तुम्हीच माझे वडील. घडलं असेल. पण लिहिणारा वॉटसनचा सर्जन आहे आणि मूल मराठी बोलत होतं, मधे दुभाषी. फलकावर टाकलात तर "आइव्ह्ज सांगतो" असं म्हणून टाका.


नवखा_खलाशी

मुळात वॉटसन मुंबईला कशाला आला होता? फक्त आंग्र्यांसाठी?


खाडीचं_पाणी

नाही. ऑक्टोबरपासून कोरोमंडल किनाऱ्यावर वादळं होतात आणि तिथे मोठ्या जहाजांना आडोशाचं बंदर नाही. शिवाय जहाजाचा तळ खरवडून दुरुस्त करायला सुकी गोदी लागते, ती मुंबईला होती. म्हणून राजाचा ताफा त्या दिवसांत मुंबईला येई. क्लाइव्ह आला होता पेशव्यांच्या साथीने दख्खनमधल्या फ्रेंचांवर जायला, पण मद्रासला फ्रेंचांशी तह झालेला असल्याने तो बेत बारगळला. फौज, ताफा आणि कोरडे महिने तिन्ही हाताशी रिकामे. विजयदुर्गाचं नशीब तिथेच फिरलं.


रावपुरा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्राबद्दल कोणी सांगेल का? मुलाने कच्चं रेखाटन दाखवलंय: वॉटसन निळ्या कोटात, खांद्यावर सोनेरी झुपके, मागे केंट, वर युनियन जॅक, खाली एकसारख्या गणवेशातले खलाशी. आणि कलकत्त्याचा व्यापारी अमीचंद, त्याच्या प्रकरणात वॉटसनच्या नावाने झालेल्या खोट्या सहीचं काय, तेही विचारायचं राहिलं.


डोलकाठी

निळा कोट चालेल. अधिकाऱ्यांचा गणवेश १७४८ मध्ये आला, निळा आणि पांढरा. सोनेरी झुपके काढा, ते १७९५ नंतरचे. खलाशांना एकसारखा गणवेश १८५७ पर्यंत नव्हता. आखूड जाकीट, चौकड्यांचे सदरे, रुंद विजारी, ज्याचं त्याचं वेगळं. युनियन जॅकमध्ये आज तिरपे लाल पट्टे आहेत, ते आयर्लंडचे, १८०१ मध्ये आले. १७५६ च्या झेंड्यात निळ्यावर पांढरी तिरपी फुली आणि मधे लाल सरळ क्रॉस, बस. अधिकाऱ्याचा झेंडा कुठल्या काठीवर हे तर मुलं हमखास चुकतात: अ‍ॅडमिरलचा मधल्या, व्हाइसचा पुढच्या, रिअरचा मागच्या डोलकाठीच्या टोकाला. विजयदुर्गचं चित्र असेल तर मागच्या. जेम्सचं प्रोटेक्टर दाखवलंत तर त्यावर कंपनीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा.

केंटवर तोफा किती हे लिहू नका. काही याद्यांत ६४, काहींत ७०. जहाज कुठल्या वर्गाचं यावरून एक आकडा, प्रत्यक्ष किती चढवल्या यावरून दुसरा. "सुमारे सत्तर तोफांचं" म्हणा.

सहीचं थोडक्यात. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्याविरुद्धच्या कटात अमीचंदला फसवायला दोन तहनामे केले, खरा पांढऱ्या कागदावर, खोटा तांबड्या. वॉटसनने तांबड्यावर सही नाकारली. त्याचं नाव लशिंग्टनच्या हातून घातलं गेलं. पुढे १७७२-७३ च्या पार्लमेंटच्या चौकशीत क्लाइव्हने सांगितलं की माझ्या आठवणीप्रमाणे वॉटसनने आपलं नाव घालायला परवानगी दिली होती. वॉटसन सांगायला उरलाच नव्हता. आता याच माणसाने ४ मार्च १७५७ ला नवाबाला लिहिलं होतं की तुझ्या मुलखात अशी आग लावीन की गंगेच्या साऱ्या पाण्याने विझणार नाही. त्यामुळे त्याला सोवळा समजू नका. उघड धमकी त्याला चालत होती, खोटा कागद नाही.


सुरसागरकाठी

आमच्या बिलिमोऱ्याच्या गायकवाडी आरमाराला एखादा फलक आहे की नाही? वडोद्यात प्रदर्शन आणि त्याचा उल्लेख नाही असं होऊ नये.


रावपुरा_वाचक

आहे, सातवा. तो दुसऱ्यांकडे आहे.

माझा मजकूर असा झालाय, नजर घाला:

"चार्ल्स वॉटसन (१७१४–१७५७). इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा रिअर-अ‍ॅडमिरल, पुढे व्हाइस-अ‍ॅडमिरल. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हे. चौदाव्या वर्षी जहाजावर, चोविसाव्या वर्षी कप्तान, चौतिसाव्या वर्षी अ‍ॅडमिरल. १७५४ मध्ये हिंदुस्थानच्या समुद्रावर नेमणूक. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वाघोटणच्या खाडीत शिरून विजयदुर्गावर मारा. आंग्र्यांचं आरमार जळालं. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. तुळाजी आंग्रे तेव्हा पेशव्यांच्या छावणीत होता. सुमारे दहा लाखांच्या लुटीत मराठ्यांना वाटा दिला नाही आणि किल्ला ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही. पुढे कलकत्ता व चंद्रनगर घेण्यात वॉटसनचा मोठा भाग. प्लासीनंतर आठ आठवड्यांच्या आत, १६ ऑगस्ट १७५७ रोजी मृत्यू. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये समाधी."


डोलकाठी

शेवटचं वाक्य बदला. समाधी कलकत्त्याला, सेंट जॉन्सच्या आवारात. वेस्टमिन्स्टरला आहे ते कंपनीने उभारलेलं स्मारक. ज्या कंपनीशी तो किल्ल्यांवरून भांडला, तिनेच ते उभारलं. त्यावर विजयदुर्गाचं नाव घेरिया असं कोरलंय, गिर्ये गावावरून. फलकात एकदा "विजयदुर्ग (घेरिया)" असं घाला, म्हणजे इंग्रजी पुस्तकात शोधणाऱ्याची पंचाईत होणार नाही.


मोडीवाचक

आणि "तुळाजी आंग्रे होता" नको, "होते" करा. मंडळातली म्हातारी माणसं पहिल्यांदा तेच बघतील.